बंदच्या दिवशी छायाचित्रकाराने कुठे उभे राहावे?

नाशिकच्या एका दैनिकात दीड वर्षापासून काम करणाऱ्या एका तरुण छायाचित्रकाराने मला चार प्रश्न विचारले आहेत. आतापर्यंत त्यांनी सत्कार, उद्घाटने, गणपती आणि महापालिकेच्या सभा टिपल्या. पुढच्या आठवड्यातील बंदच्या दिवशी मात्र त्यांना मुख्य चौकात थांबायला सांगितले आहे, आणि मागच्या वेळी त्याच चौकात दगडफेक झाली होती. कोणती लेन्स न्यावी, कुठे उभे राहावे, जमावाने कॅमेरा हिसकावला तर काय करावे आणि पोलिसांनी फोटो मागितले तर द्यावेत का, हे ते प्रश्न.

मी 26 वर्षे मुंबईत वृत्तपत्रांसाठी फोटो काढले आणि त्यांतील बराच काळ मोर्चे, बंद, रेल रोको आणि त्यांतून उसळणाऱ्या दगडफेकीत गेला. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा दुसरा प्रश्न सर्वांत मोठा आहे आणि बाकीच्या तिन्हींची उत्तरे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून आहेत. म्हणून लेन्सचे आधी उरकून घेतो.

दोन बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचे दोन कॅमेरे, मिळत असतील तर एकीवर रुंद दृश्यासाठी 24-70 मिलिमीटरची आणि दुसरीवर लांबचे जवळ आणणारी 70-200 ची लेन्स लावून निघा, कारण धुरात आणि धुळीत लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर राख बसतेच, शिवाय अर्धा मिनिट मान खाली घालून उभे राहावे लागते. एकच बॉडी असेल तर 24-105 किंवा 24-120 सारखी लेन्स लावा आणि ती दिवसभर काढू नका. उन्हात शटरचा वेग 1/800 च्या खाली जाऊ देऊ नका, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ 5.6 ते एफ 8 यांच्या दरम्यान ठेवा आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ऑटोवर सोडून द्या. हातातून सुटलेला दगड आणि तो सोडणारा माणूस दोन्ही स्पष्ट यायला एवढे पुरते. फ्लॅश घरी ठेवा, कारण अंधार पडल्यावर फ्लॅश उडवणारा माणूस पोलीस आणि जमाव या दोघांनाही एकाच क्षणी दिसतो. मिररलेस कॅमेऱ्याचे आवाज न करणारे शटर उपयोगी असले तरी एलईडी दिव्यांखाली त्याने चित्रावर पट्टे उमटू शकतात, तेव्हा आदल्या रात्री त्याच चौकात जाऊन दोन-चार फोटो काढून पाहा. कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी मिनिटापर्यंत जुळवून घ्या. याचे महत्त्व पुढे येईल. पट्टा गळ्यात अडकवू नका, तो मनगटाला गुंडाळा. गळ्यातल्या पट्ट्याने माणूस जनावरासारखा ओढला जातो, हे मी पाहिले आहे.

कपड्यांबद्दल सहसा कोणी बोलत नाही. महाराष्ट्रात रंगाला पक्ष असतो, त्यामुळे भगवा, निळा, हिरवा, पिवळा यांपैकी काहीही अंगावर नको आणि खाकीच्या जवळ जाणारी छटाही नको. मी वर्षानुवर्षे राखाडी सुती शर्ट पूर्ण बाह्यांचा घालत आलो. सुती अशासाठी की नायलॉनचे कापड आगीच्या झळीने वितळून कातडीला चिकटते. मोटारसायकलचे बंद हेल्मेट डोके वाचवते, पण ऐकू येणे आणि कडेचे दिसणे कमी करते, म्हणून गिर्यारोहक वापरतात तसे हलके, उघडे हेल्मेट बरे. स्वतःची मोटारसायकल चौकापासून निदान अर्धा किलोमीटर लांब, एखाद्या गल्लीत, तोंड बाहेरच्या दिशेला करून लावा आणि किल्ली बॅगेत न ठेवता पँटच्या खिशात ठेवा, कारण बॅग जाऊ शकते.

आता जागेकडे येतो. आदल्या दिवशी संध्याकाळी तो चौक पायी फिरून पाहा. कोणती गल्ली पुढे बंद होते, कोणत्या इमारतीचे फाटक दिवसा उघडे असते, कोणत्या दुकानदाराला तुम्ही नावाने ओळखता, रस्त्याचे खोदकाम कुठे सुरू आहे, हे सर्व डोक्यात बसले पाहिजे. खोदकाम मुद्दाम सांगतो, कारण दगड कुठून येणार हे त्यावरून कळते. मुंबईत फूटपाथवरचे पेव्हर ब्लॉक एकदा उखडले की त्या फूटपाथच्या बाजूने मारा होणार हे गृहीत धरावे लागते. उंचावरची जागा हवी असेल तर पहिल्या मजल्याची गॅलरी पाहा, चौथ्या मजल्याची गच्ची नको. गच्चीवरून गर्दीची व्याप्ती दिसते आणि तेवढ्यासाठी पाच मिनिटे वर जाऊन यावे, पण तिथून माणसे मुंग्यांसारखी येतात आणि खाली उतरण्याचा जिना बहुधा एकच असतो.

बातमीत ‘अचानक दगडफेक सुरू झाली’ असे छापून येते. मी पाहिलेल्या बहुतेक प्रसंगांत ती अचानक सुरू झाली नव्हती. पहिला आवाज येतो तो दुकानांची शटर्स खाली ओढण्याचा, आणि ती बंदच्या सकाळी ओढतात तशी एकेक करून, सावकाश ओढली जात नाहीत. रस्त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खडखडाट पळत जातो. चहावाला शेगडी विझवून गाडी आत ढकलतो. मोर्च्याच्या पुढच्या रांगेतील बायका आणि वयस्क माणसे कडेला होतात, घोषणा देणाऱ्यांचे आवाज बदलतात, आधीचे ओळखीचे पुढारी दिसेनासे होतात आणि ज्यांना कोणीच ओळखत नाही अशी विशी-बाविशीची मुले पुढे येतात, त्यांतील काहींचे रुमाल नाकावर चढलेले असतात. पोलिसांकडेही तसेच लक्ष ठेवावे लागते. शिपाई हेल्मेटची काच खाली करतात, वेताच्या ढाली जोडून धरतात, राज्य राखीव दलाची तुकडी गाडीतून उतरून रांग धरते आणि एखादा अधिकारी भोंग्यावरून जमाव बेकायदा ठरवल्याची घोषणा करून पांगायला सांगतो. ही घोषणा झाल्यावर तुमच्या हातात मिनिटे उरतात. त्या वेळी तुम्ही आपल्या ठरवलेल्या जागी पोहोचलेले असले पाहिजे, जागा शोधत नव्हे. जाता जाता एक सांगतो: ‘सौम्य लाठीमार’ हा शब्दप्रयोग ज्याने रूढ केला त्याने तो बहुधा पुष्कळ लांबून पाहिला असावा.

ती ठरवलेली जागा कोणती, हे मी कोपर मोडून शिकलो. पूर्व उपनगरातील एका नाक्यावर बंदच्या दुपारी दुभाजकाच्या एका टोकाला पोलिसांची रांग होती, दुसऱ्या टोकाला बसथांब्याच्या आडोशाने मुले होती आणि मध्ये चाळीसेक मीटर मोकळा रस्ता होता. ऊन तिरपे होते, धुळीत चेहरे सुरेख उजळले होते आणि मी त्या मोकळ्या रस्त्यात शिरलो. उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला, डावा मिटलेला. डावीकडून आलेला अर्धा पेव्हर ब्लॉक मला दिसलाच नाही. कोपराचे हाड तडकले आणि सहा आठवडे प्लास्टर राहिले. त्या तीन मिनिटांत मी बरेच फोटो काढले होते आणि त्यांपैकी एकही दुसऱ्या दिवशी छापण्याच्या लायकीचा नव्हता, कारण प्रत्येकात एकच बाजू होती आणि ती कशाला तोंड देत आहे हे कशातच दिसत नव्हते. उलट माझा एक सहकारी पानाच्या टपरीच्या कडेला, भिंतीला पाठ लावून उभा होता; त्याच्या फोटोत पोलिसांची रांग होती, मुले होती, मधले अंतर होते आणि त्या अंतरात वाकून हात धरून बसलेला मीही होतो. पान एकवर तोच लागला.

तेव्हापासून मी दोन्ही बाजूंना काटकोनात उभा राहतो. रस्ता पूर्व-पश्चिम असेल आणि माणसे समोरासमोर असतील तर आपण उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या कडेला, पाठीला भिंत किंवा बंद शटर, आणि तीन-चार पावलांवर निसटायला गल्ली. एखाद्या गटाबरोबर चालत असाल तर त्याच्या पुढे उलटे चालू नका; कडेने, थोडे मागे राहा. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तरी दुसरा उघडा ठेवायची सवय करा, ती महिन्याभरात लागते, आणि पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ कॅमेऱ्यात डोके घालू नका. शक्य असेल तर दुसऱ्या दैनिकातील छायाचित्रकाराशी जोडी जमवा. एक जण काढत असताना दुसऱ्याने आजूबाजूला पाहायचे आणि निघण्याची वेळ झाली की त्याची कॉलर ओढायची. फोटो त्याला मिळेल ही स्पर्धा त्या दिवसापुरती विसरा.

वाऱ्याची दिशाही जागेचाच भाग आहे. अश्रुधुराचे नळकांडे फुटले की धूर वाऱ्याबरोबर वाहतो, म्हणून वारा आपल्या पाठीवर येईल असे उभे राहावे. डोळ्यांत गेलाच तर चोळू नका, चोळल्याने कण आत घासले जातात. भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे तोंड करून थांबा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा. पडलेले नळकांडे हाताने उचलण्याचा मोह बघ्यांना होतो. ते चटका बसण्याइतके तापलेले असते. घरी आल्यावर ते कपडे इतरांच्या कपड्यांत टाकू नका, नाहीतर तुमच्या आधी घरचे शिंकू लागतील.

इथवर जागेचा विचार हाडे वाचवण्यासाठी झाला. पण उभे राहण्याच्या जागेवर बातमीचा खरेपणाही ठरतो. पेटलेल्या एका टायरजवळ गुडघ्यावर बसून 16 किंवा 24 मिलिमीटरच्या लेन्सने फोटो काढा, चौकट ज्वाळांनी भरेल आणि वाचणाऱ्याला वाटेल की शहर जळते आहे. तोच टायर तीस मीटर मागून काढा, तर एक टायर, त्याच्याभोवती मोबाइलवर चित्रण करणारी आठ-दहा मुले, पलीकडे भाजी घेऊन जाणारी बाई आणि सुरू असलेले औषधांचे दुकान दिसेल. लांबून 200 च्या लेन्सने पाहिले की विरळ गर्दी दाट होते आणि पोलीस आणि जमाव यांच्यातील अंतर नाहीसे होते. या सर्व चौकटी ‘खऱ्या’च असतात, कोणी त्यांत काही मिसळलेले नसते, तरीही त्यांतील एकच छापली तर ती वाचकाला फसवू शकते. म्हणून जवळचा फोटो काढण्याआधी किंवा निदान काढल्यावर लगेच तुम्ही एक रुंद चौकट घेतलीच पाहिजे, जीत एखादी ओळखू येणारी वस्तू, पाटी, सिग्नल किंवा पुतळा आहे आणि जीवरून अंतरे मोजता येतील.

अंतराचा हा आग्रह मी का धरतो, ते सांगायला 1997 पर्यंत मागे जावे लागेल. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे सकाळी उघड झाले, लोक महामार्गावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात 10 जणांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो गोळीबार समर्थनीय नसल्याचा निष्कर्ष काढला. गोळीबाराचे समर्थन करताना गॅसचे टँकर पेटवले जाण्याच्या धोक्याचा मुद्दा पुढे केला गेला होता, आणि त्यामुळे टँकर कुठे होते, गोळ्या कुठे झाडल्या गेल्या आणि आधी काय घडले, या तीन गोष्टींवर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला. जळणाऱ्या वाहनाचे जवळून काढलेले चित्र अशा वादात फारसे कामाला येत नाही. वाहन, वस्ती आणि पोलीस एकाच चौकटीत, घड्याळाच्या बरोबर वेळेसह असतील तरच ते काही सांगते.

फोटोतील मागची बाजू किती बोलू शकते याचे अलीकडचे उदाहरण रॉयटर्स वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार दानिश सिद्दिकी यांचे आहे. 30 जानेवारी 2020 रोजी दिल्लीत जामिया मिलिया विद्यापीठाच्या परिसरात नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धच्या आंदोलकांवर पिस्तूल रोखणाऱ्या तरुणाचा त्यांनी फोटो काढला. त्या चित्रात तरुणाच्या मागे पोलिसांची रांग उभी दिसते. केवळ पिस्तुलावर जवळून रोख धरला असता तर एक माथेफिरू दिसला असता. पोलिसांच्या रांगेमुळे तोच फोटो व्यवस्थेबद्दलचा प्रश्न झाला. सिद्दिकी पुढे जुलै 2021 मध्ये अफगाणिस्तानात वार्तांकन करताना मारले गेले. या पेशात अनुभवाने धोका संपत नाही, एवढे त्यावरून लक्षात ठेवा.

तिसरा प्रश्न कॅमेरा हिसकावला जाण्याचा. माध्यमांची माणसे म्हणून आपल्याला कोणी हात लावणार नाही, ही समजूत मुंबईत 11 ऑगस्ट 2012 रोजी आझाद मैदानात पुरती संपली. आसाम आणि म्यानमारमधील मुस्लिमांवरील हिंसाचाराच्या निषेधासाठी ती सभा होती, माध्यमांनी त्या घटना दाखवल्या नाहीत हा राग त्या गर्दीतील काहींच्या मनात होता, आणि वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन पेटवल्या गेल्या, छायाचित्रकारांना मारहाण झाली, कॅमेरे फोडले गेले. दोघांचा मृत्यू झाला आणि पन्नासहून अधिक जखमी झाले, त्यांत बहुसंख्य पोलीस होते. तेव्हापासून मी वाहिनीचे मोठे बोधचिन्ह असलेल्या गाडीजवळ थांबत नाही. जाकिटावर ‘प्रेस’ असे ठळक लिहावे का, यावर आमच्यात दोन मते आहेत. माझे मत असे की अक्षरे पोलिसांच्या उपयोगाची असतात आणि जमाव माध्यमांवरच चिडलेला असेल तर ती झाकता आली पाहिजेत.

गर्दीने घेरलेच तर पहिले काम म्हणजे कॅमेरा खाली करणे आणि बोलायला लागणे. माझ्या अनेकदा कामाला आलेले वाक्य अगदी साधे आहे: ‘दादा, तुमचा मोर्चा उद्याच्या पेपरात यावा म्हणूनच आलोय.’ जो सर्वांत मोठ्याने ओरडतो आहे त्याच्याशी वाद घालू नका. त्या घोळक्यात एखादा चाळिशी-पन्नाशीचा माणूस शोधा, त्याला काका म्हणून हाक मारा आणि त्याच्याकडे वळून बोला, बहुतेक वेळा तोच वाट करून देतो. फोटो खोडायला लावले तर निमूटपणे खोडा. कॅमेऱ्यात दोन कार्ड असतील आणि दोन्हींवर एकाच वेळी नोंद होत असेल, तर दुसऱ्यावरची प्रत बहुधा राहते. एकच कार्ड असेल तर ते काढून खिशात टाका, नवे लावा आणि जुन्यावर पुन्हा एकही फोटो काढू नका, म्हणजे खोडलेल्या फाइली सॉफ्टवेअरने परत मिळण्याची शक्यता राहते. दर अर्ध्या तासाने भरलेले किंवा अर्धवट भरलेले कार्ड बदलून मोज्यात ठेवण्याची माझी जुनी सवय आहे. आणि कॅमेराच मागितला तर देऊन टाका. संस्थेचा असेल तर संस्था पाहून घेईल. स्वतःचा असेल तर विम्यात दंगलीने झालेले नुकसान धरले आहे का, हे आजच पॉलिसी उघडून वाचा. जिल्ह्यांतील स्ट्रिंजर, म्हणजे पगारावर नसलेल्या, मंडळींना फोटोमागे जे मिळते त्यात लेन्सचे झाकणही येत नाही, आणि तरी पहिल्या पानाचा आग्रह त्यांच्याकडेच धरला जातो, ही गोष्ट मला आजही खटकते.

पत्रकार व माध्यम संस्थांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे. विधिमंडळाने तो 2017 मध्ये मंजूर केला आणि 2019 मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यानुसार असा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रार देताना या कायद्याचा उल्लेख करायला सांगा, कारण पोलीस ठाण्यावर साध्या मारहाणीची नोंद करून विषय मिटवण्याकडे कल असू शकतो. मात्र अधिस्वीकृतीची पत्रिका, म्हणजे सरकारने पत्रकाराला दिलेले ओळखपत्र, किंवा संपादकाचे पत्र म्हणजे अभेद्य कवच नाही. जमावबंदीचा आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघत असे, आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतो. त्यात वार्ताहरांना सूट आहे का, आणि संचारबंदी असेल तर पास कोण देणार, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. मोबाइल इंटरनेट बंद होण्याचीही तयारी ठेवा. जून 2023 मध्ये कोल्हापुरात तसे झाले होते. अशा वेळी कार्ड घेऊन कार्यालयात पोहोचवणारा माणूस कोण, हे ठरलेले असावे.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि त्याचे उत्तर तुम्ही एकट्याने द्यायचे नाही. रस्त्यावर एखादा अधिकारी फोटो दाखव म्हणाला, किंवा त्या रात्री ठाण्यातून फोन आला, तर नम्रपणे सांगा की मागणी लेखी, संपादकांच्या नावाने पाठवावी. वस्तू किंवा कागदपत्रे हजर करायला सांगण्याचा अधिकार पोलिसांना आणि न्यायालयाला नव्या संहितेच्या कलम 94 ने दिलेला आहे. त्याला उत्तर संस्था तिच्या वकिलाला विचारून देईल. छापलेला फोटो सर्वांचाच आहे, न छापलेले चारशे हा वेगळा विषय आहे. छायाचित्रकार काढतो ते सगळे पोलिसांकडे जाते असा समज एकदा त्या चौकात पसरला, की पुढच्या बंदला दगड तुमच्या दिशेने येतील आणि तुमच्यानंतर येणाऱ्याच्याही.

तरीही फोटो पुराव्यात जातातच. आझाद मैदानाच्या दिवशी अमर जवान स्मारकाची तोडफोड करणाऱ्या तरुणाचे छायाचित्र छापून आले आणि त्यावरून शोध घेत त्याला बिहारमधून अटक झाली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये वृत्तछायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी काढलेली कसाबची छायाचित्रे खटल्यात आली आणि डिसूझा यांनी स्वतः साक्ष दिली. साक्षीच्या वेळी मूळ फाइल लागते, तिची वेळ विचारली जाते, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते. घड्याळ जुळवा असे सुरुवातीला सांगितले ते यासाठीही. मूळ फाइली, खराब आलेल्यांसह, क्रमाने जपून ठेवा. मधल्याच दोन नसतील तर उलटतपासणीत प्रश्न त्या दोनांबद्दलच येतो.

पुराव्याची दुसरी बाजू मात्र डोळ्यांआड करू नका. गर्दीच्या फोटोत जो चेहरा येतो तो गुन्हेगाराचाच असतो असे नाही. हात वर करून ‘थांबा’ म्हणणारा माणूस आणि दगड भिरकावून झालेला माणूस एका चौकटीत सारखेच दिसतात. अशी शंका असेल तर मी मागची-पुढची चौकट पाहिल्याशिवाय फोटो डेस्ककडे देत नाही. 2002 च्या गुजरात दंगलीत अहमदाबादेत छायाचित्रकार अर्को दत्ता यांनी हात जोडून जीव वाचवण्याची विनवणी करणाऱ्या एका शिवणकाम करणाऱ्या माणसाचा फोटो काढला. तो जगभर गेला आणि त्या माणसाला पुढची कित्येक वर्षे त्या चेहऱ्यामुळे ओळखले गेले, त्याला काही काळ शहरही सोडावे लागले. तो फोटो काढायला हवाच होता असे माझे मत आहे. पण जखमी किंवा भेदरलेल्या माणसाचा चेहरा छापायचा, की हात, पाठ, पडलेली चप्पल पुरेल, हा विचार पान लावण्याआधी कोणीतरी मोठ्याने केला पाहिजे. लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न चर्चेचाही नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात चिमुरड्या मुलींवरील अत्याचारानंतर लोक रुळांवर उतरले, तेव्हा पीडित मुलींची ओळख कोणत्याही मार्गाने उघड न करणे हे कायद्याने बंधनकारक होते. अशा वेळी घर, गल्ली, नातेवाईक यांच्या फोटोंतूनही ओळख उघड होते हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

फोटोओळीबद्दल एक स्वतःची चूक सांगतो. एका बंदला मी जळता टेम्पो टिपला आणि घाईत ‘आंदोलकांनी पेटवलेला टेम्पो’ अशी ओळ लिहून पाठवली. मी पोहोचलो तेव्हा तो पेटलेलाच होता; कोणी पेटवला हे मी पाहिले नव्हते. दोन दिवसांनी त्याच वस्तीतील माणसे कार्यालयात आली आणि मला विचारू लागली की तुम्ही पाहिले का. मला ‘नाही’ म्हणावे लागले. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला, पहिल्या पानावरचा फोटो मात्र लोकांच्या लक्षात तसाच राहिला. तेव्हापासून माझ्या ओळीत मी पाहिलेलेच क्रियापद असते: पेटलेला, पळणारा, पडलेला. कोणी, का, कोणाच्या सांगण्यावरून, हे वार्ताहराने चौकशी करून त्याच्या बातमीत लिहावे.

शेवटी एक छोटी वही घ्या, शर्टाच्या खिशात मावेल एवढी. मोठा प्रसंग घडला की दम खाल्ल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी लिहा: वेळ, तुम्ही कुठे उभे होतात, आणि कोणत्या बाजूला तोंड होते. मला एका दगडफेकीच्या खटल्यात सात वर्षांनी साक्षीला बोलावले होते. बचाव पक्षाच्या वकिलांनी लेन्सबद्दल काही विचारले नाही. त्यांनी विचारले, तुम्ही नेमके कुठे उभे होतात. फोटो समोर असूनही मला नीट आठवेना, कारण फोटोत स्वतःची जागा दिसत नसते. वहीत होते: ‘3.20. रसवंतीच्या डावीकडे, विजेच्या पेटीला पाठ. तोंड पुलाकडे.’ ती वही मी न्यायालयात दाखवली, आणि त्यानंतरचा पाऊण तास त्यांनी मला रसवंती आणि पूल यांच्यातील अंतर विचारण्यात घालवला.